काही राहिलं का?

मित्रांनो, चिमटा म्हटलं की तुमची नजर स्वयंपाकघराकडे वळेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी चिमटा आहे, चांगला जुना आहे, पण गरम पातेली उतरवणारा तो मी नव्हे. मी दवाखान्यातला. दिसायला कात्रीसारखा, पण कापत काहीच नाही. खाली बोटं घालायला दोन मुठी, वर बारीक दातांचा जबडा आणि मुठींच्या मधे एक खटका. खटका बसला की मी जे धरीन ते धरून ठेवतो, मग धरणाऱ्याने हात काढून घेतला तरी चालतं.

आणखी एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मला स्वस्थ पडून राहता येत नाही. ट्रे जरा हलला की सगळ्यांत आधी मी खणखणतो. निर्जंतुक करायच्या वाफेच्या डब्यात बाकीची हत्यारं गुमान बसतात, मी मात्र झाकणावर टकटक करत राहतो. "हा एक उपद्व्यापी आहे," असं सिस्टर माझ्याबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

हा स्वभाव जन्मापासूनचाच. कारखान्यात तापलेल्या पोलादावर घाव पडला तेव्हा मी एकटा जन्मलो नाही, माझे दोन अर्धे भाग वेगवेगळे जन्मले. मग त्यांना एकमेकांवर आडवं ठेवून मधे खीळ ठोकली आणि जन्माची गाठ मारली. त्या दोघांचं अजूनही पूर्ण पटत नाही, म्हणून उघडताना मी जरासा कुरकुरतो. शेवटी एक तपासनीस बाई होत्या. त्या प्रत्येक चिमटा कानाजवळ नेऊन खटका बसवायच्या. ज्याचा आवाज बोदा, तो बाजूच्या टोपलीत. मला त्यांनी कानाशी धरलं, कट् केलं, पुन्हा कट् केलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बोलका आहे गं." मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं फुशारक्या मारल्या. पुढे कळलं की जेव्हा खरंच बोलायची वेळ येते, तेव्हा माझ्या तोंडून कट् शिवाय काही निघत नाही.

वह्यापेनांच्या दुकानावर एक जिना चढलं की आमचा दवाखाना. बाहेर एक लांब बाक, एक हिरवा पडदा, आणि पडद्याच्या आत उंच खुर्ची, पाय ठेवायची पाटी आणि मान हव्या त्या बाजूला वळवणारा दिवा. डॉक्टरबाई उंच, जरा पोक काढून चालणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. सिस्टर त्यांच्या नेमक्या उलट. हात चालला की तोंडही चालायचं. दोघी मिळून लोकांचे पाय बघायच्या, आणि त्यांत सगळ्यांत जास्त यायचे ते नख रुतलेले अंगठे.

तुम्ही म्हणाल, एवढंसं तर नख! येणारा प्रत्येक जण घरून हेच ऐकून आलेला असायचा. पायाच्या अंगठ्याचं नख कडेने खोल कापलं, किंवा बूट पुढून आवळ झाला, की नखाचा कोपरा बाजूच्या मांसात घुसायला लागतो. मांस सुजतं, पिकतं, रात्री पांघरुणाचा नुसता स्पर्श झाला तरी माणूस कळवळतो. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्या खुर्चीत बसलेल्यांना विचारा. मग डॉक्टरबाई अंगठ्याच्या मुळाशी सुई टोचून तो बधिर करायच्या, रुतलेली नखाची कड उभी चिरून ओढून काढायच्या, आणि पुन्हा तिथून नख येऊ नये म्हणून मुळाला औषधाचा चटका द्यायच्या. छोटंसं काम. माणूस लंगडत यायचा आणि घोटभर पाणी पिऊन स्वतःच्या पायाने जिना उतरायचा.

आता यात माझं काम काय? ऐका आणि हसू नका. चिरताना रक्त येऊ नये म्हणून सिस्टर रबरी हातमोज्याचं एक बोट कापायच्या, त्याचं टोक छाटायच्या आणि ते अंगठ्यावर चढवून गुंडाळत गुंडाळत मुळाशी न्यायच्या. त्याचं घट्ट कडं व्हायचं आणि रक्त तिथेच अडायचं. कडं आपलं आपण धरून बसायचं, त्याला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. तरीही सिस्टर मला त्या कड्याला चावायला लावायच्या आणि सोडून द्यायच्या. बस्स. काम संपेपर्यंत मी नुसता लटकलेला. कापायचं नाही, ओढायचं नाही. पिकावर जसं बुजगावणं, तसा अंगठ्यावर मी!

एकदा शिकायला आलेल्या एका नव्या सिस्टरने हेच विचारलं. "कडं तर घट्ट आहे, मग हा कशाला लोंबकळत ठेवायचा?"

"विसरू नये म्हणून," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कडं कातडीच्या रंगाचं. रक्तात आणि कापसात दिसतसुद्धा नाही. ते तसंच राहून वर पट्टी बांधली गेली, तर आत अंगठ्याला रक्त मिळणार नाही. अंगठा बधिर, त्यामुळे माणसाला काही कळणार नाही. बधिरपणा उतरल्यावर दुखेल, तेव्हा त्याला वाटेल, कापलंय म्हणून दुखतंय. गोळी घेऊन झोपेल. सकाळी अंगठा काळा."

"अगं बाई!"

"म्हणून हा लटकवायचा. चिमटा लटकत असताना कुणाला पट्टी बांधता येईल का?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण माझं समाधान झालं नाही. माझ्या शेजारी ट्रेमधे एक टोकदार चिमटा असायचा, त्याला सगळे नाकाडा म्हणायचे. नखाची चिरलेली कड ओढून काढायचं काम त्याचं. तो ती ओढायचा, पेशंट मान उंचावून बघायचा, "बाप रे, एवढं आत होतं?" आणि सगळं कौतुक नाकाड्याचं. मला धुताना सिस्टर उलट वैतागायच्या, कारण माझ्या दातांत रबराचा तुकडा हमखास अडकलेला असायचा आणि तो ब्रशने उकरून काढावा लागायचा. "याचे दात म्हणजे डोक्याला ताप," त्या म्हणायच्या. मी मनात म्हणायचो, एकदा तरी, एकदाच तरी, मला खरं काम द्या!

मग ते ब्रेकमास्तर आले.

मास्तर गाडी शिकवायचे. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक वेगळा ब्रेक होता, आणि शिकाऊ माणूस कुणाच्या अंगावर गाडी घालायला लागला की मास्तर तो दाबायचे. वर्षानुवर्षं दिवसभर दाबून दाबून त्यांचा उजवा अंगठा बुटाच्या टोकाशी भांडायला लागला होता. त्यात नख रुतलं, तेव्हा त्यांनी घरच्या घरी कंपासपेटीतल्या कर्कटकाने कोपरा उकरून बघितला. व्हायचं तेच झालं. शेवटी त्यांच्या सासूबाईंनी त्यांना अक्षरशः पकडून आणलं.

सासूबाई ठेंगण्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या, हातात भली मोठी पिशवी. पडदा सरकवून त्यांनीच सगळी हकिगत सांगितली. "जावईबापूंनी नख कापायचं सोडून खोदकाम काढलं हो डॉक्टर. मी म्हणत होते, म्हणत होते. पण माझं ऐकतंय कोण?"

"आई, तुम्ही बाहेर बसा बरं," मास्तर ओशाळून म्हणाले. त्या बाहेर जाताच ते सिस्टरकडे वाकून कुजबुजले, "घरी आम्ही त्यांना चिमटा म्हणतो. एकदा धरलं की सोडत नाहीत. दारातून निघताना रोज विचारतात, काही राहिलं का? किल्ली घेतली का, रुमाल घेतला का, चष्मा घेतला का. जीव खातात."

सिस्टर हसल्या. मला मात्र त्या बाई एकदम जवळच्या वाटल्या.

मास्तरांचा पाय पाटीवर आला. इतर वेळी तोंडाने सगळ्या गावाला धीर देणारा हा माणूस सुई बघून पांढरा पडला. "डॉक्टर, हा अंगठा म्हणजे माझी भाकरी आहे," ते म्हणाले. "याच्यात जोर नसेल तर रस्त्यावरच्या लोकांचं काही खरं नाही."

"भाकरी शाबूत राहील," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सुई झाली, अंगठा बधिर झाला, कडं चढलं आणि मी लटकलो. डॉक्टरबाईंनी नख चिरलं आणि हात पुढे केला. सिस्टर नाकाडा द्यायला गेल्या, आणि काय झालं कोण जाणे, नाकाडा त्यांच्या ओल्या मोज्यातून निसटला आणि फरशीवर ठणकन आपटला. जमिनीवर पडलेलं हत्यार पुन्हा जखमेला लावत नाहीत. दुसरा टोकदार चिमटा वाफेच्या डब्यात होता आणि डबा अजून तापलेलाच. नखाची कड अर्धी सुटून वर आलेली, मास्तर खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेले.

"अंगठ्यावरचाच दे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी कानांवर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. सिस्टरांनी माझा खटका सोडला, मला कड्यावरून उचललं, पुसलं आणि डॉक्टरबाईंच्या हातात दिलं. मी नखाची कड दातांत धरली. डॉक्टरबाईंनी मनगट फिरवलं. कड जागची हलेना, मग हलली, मग मुळापासून अख्खी बाहेर आली. मास्तरांनी मान उंचावली आणि म्हणाले, "बाप रे! हे माझ्या पायात होतं?" ते माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे! मी आनंदाने लखलखत होतो. दिव्याखाली मला तसंच वर धरून डॉक्टरबाईंनी नख पूर्ण निघालं का ते तपासलं, आणि मला वाडग्यातल्या पाण्यात सोडून दिलं.

पाण्यात पडल्यावर माझी चमक उतरली आणि जिवाचं पाणी पाणी झालं. कारण तिथून मला पाटी दिसत होती. पाटीवर पाय होता, पायाला अंगठा होता, आणि अंगठ्यावर काहीच लटकत नव्हतं.

मुळाला औषध लावून झालं. डॉक्टरबाईंनी रोजच्याप्रमाणे विचारलं, "अंगठा सोडला?"

आमच्याकडे या प्रश्नाचा अर्थ एकच होता, कडं काढलं का? पण रोज मला ओढलं की माझ्यासोबत कडंही निघायचं, त्यामुळे सिस्टरांच्या लेखी चिमटा सोडणं आणि अंगठा सोडणं हे एकच. माझा खटका आत्ताच त्यांच्या बोटांखाली उघडला होता. त्या मनापासून म्हणाल्या, "सोडला."

त्या खोटं बोलत नव्हत्या, डॉक्टरबाई हयगय करत नव्हत्या. मी वाडग्याच्या तळाशी तडफडत होतो. ओरडायचं कसं? मी बोलका, पण खटका उघडा, तोंडात पाणी. कापसाची घडी आली, तिच्यावर पट्टीचे वेढे आले, एकावर एक, नीट, घट्ट, देखणे. सिस्टरांचा हात फार सुबक.

सासूबाई आत आल्या. खुर्चीखाली वाकून बघितलं, हूकवरचा बुशकोट घेतला, उजव्या पायाचा बूट पिशवीत टाकून सपात बाहेर काढली. दारात थांबून त्यांनी मागे बघितलं. "काही राहिलं का?"

"नाही हो आई, चला," मास्तर म्हणाले.

"बघा हं. मला आपलं वाटतंय काहीतरी राहिलं."

"मावशी, काही राहिलं नाही," सिस्टर हसून म्हणाल्या. "सावकाश उतरा. घरी गेल्यावर पाय उशीवर ठेवायला सांगा. थोडं दुखेल, गोळी द्या."

थोडं दुखेल, गोळी द्या! ऐकलंत? जिन्यावरून एका बुटाचा आणि एका सपातेचा आवाज खाली गेला आणि माझा जीव टांगणीला लागला. आयुष्यभर मी टांगलेला होतो, पण ही टांगणी वेगळी. सिस्टर पुसापुशी करत होत्या, गुणगुणत होत्या. नाकाड्याला त्यांनी आधी धुतलं. कात्री धुतली. पातं फेकायच्या डब्यात टाकलं. मला वाटलं, आज त्या मला धुतच नाहीत. मग त्यांनी मला उचललं, साबण लावला आणि मी त्यांच्या हातून निसटून मोरीत पडलो. त्यांनी उचललं, मी पुन्हा पडलो. साबणाने निसटलो म्हणा हवं तर. मी म्हणतो, मी निसटलो.

"काय रे बाबा आज तुझं," असं म्हणत त्यांनी मला पक्कं धरलं आणि दातांतलं रबर उकरायला ब्रश लावला.

दातांत रबर नव्हतं.

ब्रश थांबला. त्यांनी मला दिव्याकडे धरून बघितलं. मग ट्रे बघितला. ट्रेखालचं कापड उचललं. कचऱ्याच्या डब्यात हात घालून कापूस वरखाली केला. कडं कुठेच नव्हतं. गुणगुणणं तर कधीच थांबलं होतं.

"डॉक्टर, कडं!"

डॉक्टरबाई बाहेर बाकावरच्या पेशंटशी बोलत होत्या. त्यांनी वळून सिस्टरांचा चेहरा बघितला आणि एक अक्षर जास्त विचारलं नाही. "तू पळ. मी पेटी घेऊन आलेच."

सिस्टर पळाल्या, आणि मित्रांनो, त्यांच्या मुठीत मी होतो. मला खाली ठेवायचं त्यांना सुचलंच नाही. मी पहिल्यांदा दवाखान्याबाहेर पडलो आणि बघायला सवड नाही! जिना, वह्यांच्या दुकानाची पायरी, ऊन, सायकलींची रांग, पोती उतरवणारे हमाल. सिस्टर दुसऱ्या हाताने फोन लावत होत्या. घंटी वाजत होती आणि कुणी उचलत नव्हतं. मास्तर गाडीत बसले की फोन आवाज बंद करून खणात ठेवायचे, शिकवणीचा नियम म्हणून. एवढा शिस्तीचा माणूस, आणि शिस्तच आडवी आली.

गाडी गेली असती, तर मग काय झालं असतं ते मला आजही बोलवत नाही. पण गाडी चौकात उभी होती. मास्तरांनी घरी सोडायला आपल्याच एका शिकाऊ विद्यार्थ्याला बोलावलं होतं. विद्यार्थी म्हणजे पन्नाशीचे, टक्कल पडलेले किराणा दुकानदार. दिवा हिरवा झाला की ते गाडी सुरू करायचे, गाडी एक गचका देऊन बंद पडायची आणि दिवा लाल व्हायचा. मागे भोंग्यांचा नुसता गदारोळ. मास्तर शेजारी बसून समजावत होते, "क्लच हळू सोडा शेठ, हळू!" आणि मागून सासूबाई ओरडत होत्या, "जावईबापू, पाय वर! ब्रेक नका दाबू!"

सिस्टरांनी काचेवर मलाच आपटलं. टक टक टक.

मास्तरांनी काच खाली केली. "काय सिस्टर? काही राहिलं का?"

"अंगठा राहिला!" धापा टाकत सिस्टर म्हणाल्या.

"अंगठा माझ्याजवळच आहे की."

"आवळलेला राहिला. दार उघडा, पाय इकडे करा. बोलू नका."

त्या रस्त्यावरच गुडघ्यावर बसल्या. देखणे वेढे भराभर सुटले, कापूस निघाला. अंगठा मेणासारखा होता, आणि नखाखाली निळसर. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. दुकानदारांनी गाडीची किल्ली काढून छातीशी धरली, का ते त्यांनाच ठाऊक. कडं सुजलेल्या मांसात बसलं होतं, बोटांनी सापडत नव्हतं. सिस्टरांनी मला पुढे केलं. मी चाचपलं, कातडी टाळली, रबर पकडलं. कट्! खटका बसला. सिस्टरांनी ओढलं, कडं वळत वळत वर आलं, आणि सुटलं.

"सोडला," त्या म्हणाल्या.

सगळे अंगठ्याकडे बघत होते. मागचे भोंगे वाजत होते, दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला, अंगठा पांढराच. मी लोंबत होतो, दातांत कडं घेऊन, आणि जन्मात पहिल्यांदा अजिबात खणखणत नव्हतो. सिस्टर पुटपुटत होत्या, "ये बाबा, ये, ये." आधी मुळाशी एक गुलाबी रेघ दिसली. मग ती वर सरकली. मग एकदम सगळा अंगठा लाल झाला आणि जखमेतून रक्ताचा थेंब टपकला. रक्त बघून एवढा आनंद झालेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

डॉक्टरबाई पेटी घेऊन पोहोचल्या होत्या. त्यांनी अंगठा दाबून बघितला, सोडला, पुन्हा दाबला. "वाचला," त्या म्हणाल्या. मग सरळ मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "चूक आमची आहे. माझी आहे. मी विचारलं, पण डोळ्यांनी बघितलं नाही." सिस्टर रडायला लागल्या. सासूबाईंनी पिशवीतून रुमाल काढून त्यांना दिला आणि म्हणाल्या, "पुसा डोळे. पळत आलात ना? मग झालं तर."

त्या दिवसापासून आमच्याकडे "अंगठा सोडला?" हा प्रश्न बंद झाला. डॉक्टरबाई म्हणतात, "कडं दाखव," आणि सिस्टर मला उचलून दाताखालचं कडं दिव्यासमोर धरतात. कडं बघितल्याशिवाय कापूससुद्धा उघडत नाहीत. हातमोजे निळेशार आणले, म्हणजे कडं लपणार नाही. ट्रेमधे टोकदार चिमटे दोन असतात, म्हणजे मला जागेवरून हलवायची वेळ येऊ नये. नाकाड्याला अजून शाबासकी मिळते. मिळू दे. मी लटकतो.

मास्तर पट्टी सोडवायला आले, तेव्हा अंगठा छान भरला होता. डॉक्टरबाईंनी त्यांना नख सरळ आडवं कापायला, कोपरे न उकरायला आणि पुढून रुंद बूट घ्यायला बजावलं. त्यांनी मान डोलावली. जाताना सासूबाई नेहमीप्रमाणे दारात थांबल्या, पण काही बोलल्या नाहीत. बहुधा आता विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. मास्तर जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत फिरले.

"आई," ते म्हणाले, "विचारा की."

"काय विचारू?"

"रोज विचारता ते."

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "काही राहिलं का?"

मास्तर परत आत आले. खुर्चीखाली वाकून बघितलं, हूक बघितला, खिडकी बघितली, ट्रेमधे माझ्याकडेसुद्धा बघितलं. मग म्हणाले, "नाही आई. आता काही राहिलं नाही."

मित्रांनो, आता माझा खटका सैल झालाय. त्याच्या तीन दात्यांपैकी एकच नीट बसतो, पण कड्याला चावायला तेवढा पुरतो. सकाळी ट्रे मांडताना मी अजूनही खणखणतो. तुमच्या घरातही असं कुणीतरी खणखणणारं असेल, दारात उभं राहून तेच तेच विचारणारं, ज्याचा तुम्हाला वैताग येतो. त्याला "नाही, चल" असं न बघता म्हणू नका. एकदा मागे वळा आणि बघून मग सांगा.